बहिरेपणाचा माग स्वादुपिंडापर्यंत

एक घर डोळ्यांसमोर आणा. आजीला पन्नाशीच्या आतच ऐकू कमी येऊ लागलं, पुढे मधुमेह निघाला. तिच्या मुलीचंही तेच झालं, मुलाचंही तेच. मुलीच्या तीन मुलांपैकी दोघांना तिशीतच फोनची बारीक रिंग, पाखरांची किलबिल असे चढ्या पट्टीतले आवाज ऐकू येईनात. मुलाची मुलं, म्हणजे या भावंडांची मामेभावंडं, मात्र ठणठणीत आहेत. कानाचे डॉक्टर कान तपासतात, मधुमेहाचे डॉक्टर साखर तपासतात. एक म्हणतात वयोमानाने होतं, दुसरे म्हणतात साखरेमुळे नसा कमजोर होतात. दोन्ही कारणं एरवी खरीच असतात. पण या घराची वंशावळ कागदावर काढली की एक गोष्ट लगेच दिसते: आजार फक्त आईकडून पुढे सरकतोय, वडिलांकडून कधीच नाही.

अशाच एका मोठ्या डच कुटुंबाच्या अभ्यासातून १९९२ मध्ये हे कोडं सुटलं. उत्तर कान आणि स्वादुपिंड या दोन्ही अवयवांच्या पेशींच्या आत एकाच ठिकाणी दडलेलं होतं. ते समजायचं तर या पेशी दिवसभर काय काम करतात हे आधी पाहायला हवं, कारण वरवर पाहता या दोन अवयवांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक जठराच्या मागे आडवं पसरलेलं मऊ मांस, दुसरा कवटीच्या कडेला टणक हाडात बंदिस्त झालेला गोगलगाईच्या शंखासारखा वळसा.

स्वादुपिंडापासून सुरुवात करू. या अवयवाचा बराचसा भाग पाचक रस बनवणाऱ्या पेशींचा असतो. द्राक्षांच्या घोसासारखे त्यांचे पुंजके असतात आणि सगळ्या मिळून त्या दिवसाला सुमारे दीड लिटर रस आतड्यात सोडतात. या पेशींच्या मध्ये बेटांसारखे छोटे ठिपके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ते पहिल्यांदा नोंदवले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी याच बेटांत राहतात. काम वेगळं असलं तरी पद्धत एकच: माल तयार करायचा, छोट्या पिशव्यांत भरायचा, त्या पिशव्या पेशीच्या भिंतीजवळ रचून ठेवायच्या आणि इशारा मिळाला की भिंतीला लावून बाहेर रिकाम्या करायच्या.

ही साखळी माणसाने प्रत्यक्ष पाहिली तीही स्वादुपिंडातच. जॉर्ज पलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेतले आणि त्यांना किरणोत्सारी ल्यूसिन फक्त तीन मिनिटं दिलं. ल्यूसिन हे अमिनो आम्ल, प्रथिनांच्या बांधकामातली एक वीट. तीन मिनिटांनी किरणोत्सार नसलेलं साधं ल्यूसिन दिलं, म्हणजे त्या तीन मिनिटांत बांधली गेलेली प्रथिनंच फक्त खुणेची राहिली. मग ठरावीक वेळाने काप थांबवून ते फोटोच्या रसायनाखाली ठेवले. किरणोत्सार जिथे असेल तिथे काळे कण उमटतात. पहिल्या चित्रात काळे कण आंतर्द्रव्यजालिकेवर होते, म्हणजे पेशीतल्या त्या घडीघडीच्या पडद्यांवर जिथे प्रथिनं बनतात. थोड्या वेळाने ते गॉल्गी पिंडापाशी, म्हणजे माल पिशव्यांत भरणाऱ्या पेशीतल्या विभागापाशी, सरकलेले दिसले. सुमारे दोन तासांनी तेच कण पेशीच्या टोकाशी, भरलेल्या पिशव्यांमध्ये होते. एखाद्या टपालाच्या प्रवासातला प्रत्येक शिक्का हाती लागावा तसं हे आहे. १९७४ च्या नोबेलमध्ये पलाडे यांचा वाटा होता. ही चित्रं मी कितीदा पाहिली असतील, पण दर वेळी वाटतं की इथे पेशीच्या आतलं काम खरोखर घडताना दिसतंय.

आता कान. शंखाच्या आत एका पातळ पडद्यावर केसपेशींच्या रांगा असतात. माणसाच्या एका कानात त्या जन्मतः साधारण १५ ते १६ हजार. त्यांतल्या सुमारे ३,५०० आतल्या रांगेत असतात आणि मेंदूकडे आवाजाची बातमी मुख्यतः त्याच पाठवतात. बाकीच्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशी आवाजाला जोर देतात. स्वादुपिंडात पेशींचा ढीग असतो, इथे मोजून इतक्याच. आणि गेली ती गेली: माणसाच्या कानात नवी केसपेशी उगवत नाही. पक्ष्यांच्या कानात ती उगवते, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं.

एका केसपेशीजवळ जाऊन पाहू. तिच्या माथ्यावर ताठ सूक्ष्म काड्यांचा एक झुबका असतो. काड्या उंचीप्रमाणे जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मांडलेल्या, आणि प्रत्येक बुटक्या काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीपर्यंत एक अतिसूक्ष्म धागा ताणलेला. आवाज आला की पडदा हलतो, झुबका झुकतो, धागा ओढला जातो आणि काडीच्या टोकाशी असलेली झडप उघडते. अगदी हळू आवाजात ही हालचाल अणूच्या आकाराच्या आसपास असते. भोवतीच्या द्रवात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं आणि तिथला विद्युतदाब जवळजवळ ८० मिलिव्होल्ट असतो, त्यामुळे झडप उघडताच पोटॅशियम आत धावतं. एखाद्या बॅटरीला जोडलेलं बटण दाबावं तसं. ही बॅटरी शंखाच्या बाजूच्या भिंतीतली एक पट्टी सतत चार्ज करत असते. या पट्टीच्या पेशींना प्रचंड ऊर्जा लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

माथ्यावर हे घडतं. पेशीच्या बुडाशी काय होतं? तिथे अगदी स्वादुपिंडासारखं दृश्य आहे. छोट्या पिशव्या रचून ठेवलेल्या, त्यांत ग्लुटामेट हे रसायन भरलेलं, आणि पलीकडे श्रवणाच्या मज्जातंतूची टोकं वाट पाहत असलेली. पोटॅशियम आत आलं की विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि पिशव्या रिकाम्या होतात. मज्जातंतूला बातमी मिळते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

बीटा पेशीतही पिशव्यांना इशारा मिळतो तो याच पद्धतीने. रक्तात साखर वाढली की पेशीत साखर शिरते, ती जाळून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेमुळे पोटॅशियमची दारं बंद होतात, विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत येतं, इन्सुलिनच्या पिशव्या रिकाम्या होतात. एकीकडे सुरुवात धाग्याच्या ओढीने होते, दुसरीकडे साखर जाळण्याने. शेवटचा इशारा दोन्हीकडे कॅल्शियमचाच.

कॅल्शियम वेळेवर आलं आणि वेळेवर गेलं पाहिजे

केसपेशीच्या बुडाशी कॅल्शियमचं जे दार असतं ते ज्या जनुकावरून बनतं तेच जनुक हृदयाचा ठेका धरणाऱ्या पेशींतही वापरलं जातं. ते बंद पाडलेले उंदीर बहिरे होतात आणि त्यांचं हृदय संथ चालतं, हे २००० मध्ये दाखवलं गेलं. पुढे २०११ मध्ये पाकिस्तानातल्या कुटुंबांत माणसांमध्येही नेमकी हीच जोडी सापडली, जन्मजात बहिरेपणा आणि मंद नाडी. दार एकच, पण ज्या ज्या पेशीने ते आपल्या कामाला लावलंय तिथे तिथे बिघाड उमटतो.

कॅल्शियम आलंच नाही तर इशारा जात नाही, हे झालं एक. ते आलं आणि गेलंच नाही तर त्याहून वाईट. पाचक रस बनवणाऱ्या पेशी ज्या पिशव्या भरून ठेवतात त्यांत ट्रिप्सिनोजेन असतं, म्हणजे मांस पचवणाऱ्या ट्रिप्सिनचं झोपलेलं रूप. ते आतड्यात गेल्यावरच जागं व्हायचं. निरोगी पेशीत कॅल्शियम फक्त टोकाशी, पिशव्यांपाशी, क्षणभर वाढतं आणि लगेच ओसरतं. ते मागे सरकू नये म्हणून पिशव्यांच्या भागाभोवती तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीतल्या वीजघरांचा, एक पट्टा असतो. तो कॅल्शियम शोषून घेऊन बांधासारखा अडवतो. ओले पीटरसन यांच्या संशोधनगटाने हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. आता पित्तखड्यामुळे पित्त उलटं शिरलं किंवा दारूपासून बनणारे काही मेदघटक साचले, तर कॅल्शियम सगळ्या पेशीभर पसरतं आणि तसंच राहतं. तंतुकणिका त्याखाली गुदमरतात, ऊर्जा संपते, कॅल्शियम बाहेर ढकलणारे पंप थांबतात. ट्रिप्सिन पेशीच्या आतच जागं होतं आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. तीव्र स्वादुपिंडदाहाची सुरुवात अशी होते. पोटात कळ येऊन पाठीपर्यंत जाणारी ती असह्य वेदना ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना तिच्या मुळाशी कॅल्शियमचा एवढासा हिशेब चुकलेला असतो हे मोठं आश्चर्य वाटेल.

कानातही असाच पंप आहे, केसपेशीच्या माथ्यावरच्या काड्यांमध्ये. तो बिघडलेल्या उंदरांची एक जात प्रयोगशाळांत बरीच वर्षं पाळली जाते. हे उंदीर बहिरे असतात आणि डुलत डुलत चालतात, कारण तोल सांभाळणाऱ्या पेशीही याच घडणीच्या असतात.

वीजघरातलं एक अक्षर

आता त्या घराकडे परत येऊ. तंतुकणिकांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, त्यात ३७ जनुकं. हा डीएनए आपल्याला फक्त आईच्या बीजांडातून मिळतो. म्हणून आजीकडून तो आईला आणि मामाला दोघांनाही आला, पण मामापाशी येऊन थांबला. मावशी असती तर तिच्या मुलांना मिळू शकला असता. १९९२ मध्ये त्या डच कुटुंबात सापडलेला बदल एवढाच होता: ३,२४३ व्या जागी ए या अक्षराऐवजी जी. ही जागा येते प्रथिनं बांधताना ल्यूसिन उचलून आणणाऱ्या रेणूच्या जनुकात. पलाडे यांनी ज्या विटेला खूण करून पेशीतला सगळा प्रवास पाहिला, तीच वीट इथे नीट पोचत नाही. हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

वीट नीट आली नाही की तंतुकणिकांची स्वतःची प्रथिनं अर्धवट बनतात आणि ऊर्जा कमी पडते. मग शरीरभर सगळ्याच पेशी का बिघडत नाहीत? एक कारण असं की प्रत्येक पेशीत शेकडो-हजारो तंतुकणिका असतात आणि त्यांतल्या काहींतच हा बदल असतो. प्रमाण वाढून ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तरच पेशी कोलमडते. दुसरं कारण कामात आहे. बीटा पेशीत तंतुकणिका नुसतं वीजघर नाहीत, त्या साखरेचं मापही आहेत. साखर किती हे पेशीला कळतं ते ती जाळून किती ऊर्जा निघाली त्यावरून. वीजघर मंद चाललं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशीला ती कमीच वाटते आणि इन्सुलिन सोडलं जात नाही. आणि कानात? ती बॅटरी चार्ज करणारी पट्टी आठवा. अखंड ऊर्जा मागणारी ती पट्टी आणि तिच्यावर जगणाऱ्या केसपेशी सर्वांत आधी थकतात. चढ्या पट्टीचे आवाज ऐकणाऱ्या पेशी पहिल्यांदा जातात. बहुतेकदा ऐकू कमी येणं आधी सुरू होतं आणि मधुमेह नंतर निघतो. मधुमेह असलेल्यांपैकी साधारण एक टक्क्यापर्यंत लोकांमध्ये हा बदल असू शकतो. त्यांतल्या अनेकांना तो कधीच सांगितला जात नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी अशीच जोडी आंतर्द्रव्यजालिकेच्या बिघाडातून येते. १९३८ मध्ये डॉ. वुल्फ्रॅम आणि डॉ. वॅगनर यांनी एकाच घरातल्या चार भावंडांची नोंद केली: लहानपणी मधुमेह, मग हळूहळू जाणारी दृष्टी. अशा अनेक रुग्णांना पुढे ऐकूही कमी येतं. १९९८ मध्ये जनुक सापडलं. त्याचं प्रथिन, वुल्फ्रॅमिन, आंतर्द्रव्यजालिकेच्या पडद्यात बसतं. बीटा पेशी मिनिटाला दहा लाखांच्या घरात इन्सुलिनचे कच्चे रेणू बनवते. प्रत्येक रेणू नीट घडी घालून द्यायचा असतो. वुल्फ्रॅमिन नसेल तर चुकीच्या घडीचा माल साचत जातो, पेशीवर ताण येतो आणि शेवटी ती मरते. केसपेशींमध्येही हे प्रथिन सापडतं. या जनुकातले काही वेगळे बदल मधुमेहाशिवाय फक्त बहिरेपणा देतात, आणि तोही उलट्या क्रमाने: आधी खालच्या पट्टीतले आवाज जातात, ढगांचा गडगडाट, इंजिनाची घरघर. म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात उतार कुठल्या बाजूला आहे यावरूनही पेशीतल्या कोणत्या खात्यात गडबड असावी याचा अंदाज बांधता येतो.

आणखी एक उदाहरण सांगायलाच हवं, कारण त्यात उपचारही दिसतो. थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, पेशीत नेणारं एक वाहक प्रथिन आहे. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर मुलाला एका विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय, मधुमेह आणि बहिरेपणा तिन्ही होतात. मोठ्या मात्रेत थायमिन दिलं की रक्तक्षय सुधारतो, मधुमेहही बऱ्याचदा आटोक्यात येतो. कान मात्र सहसा सुधारत नाही. हेच वाहक बंद पाडलेल्या उंदरांना थायमिन कमी असलेला आहार दिला तर त्यांच्या आतल्या रांगेतल्या केसपेशी मरतात. ज्या पेशी पुन्हा उगवत नाहीत त्यांच्याबाबतीत औषध आधी पोचावं लागतं, हे इथे अगदी स्पष्ट दिसतं.

क्षारांच्या वाहतुकीची जोडीही आहे. स्वादुपिंडाच्या नळ्यांमध्ये बायकार्बोनेट सोडणारं एक प्रथिन आणि कानातल्या द्रवाचा समतोल राखणारं पेंड्रिन हे एकाच कुळातले, आणि बाहेरच्या केसपेशींना आखडवणारं-पसरवणारं प्रेस्टिनही त्याच कुळातलं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात स्वादुपिंडाच्या नळ्या घट्ट रसाने तुंबतात. त्या रुग्णांना फुफ्फुसांच्या संसर्गासाठी दिली जाणारी काही प्रतिजैविकं मात्र केसपेशींवर घाला घालतात. इथे स्वादुपिंडाचा आजार कानापर्यंत पोचतो तो औषधाच्या वाटेने.

हाताशी काय आहे

कानाचा तुकडा काढून तपासता येत नाही. शंख उघडला की उरलंसुरलं ऐकणंही जातं. म्हणून पिशव्या, कॅल्शियम, तंतुकणिका यांची बरीचशी माहिती स्वादुपिंडासारख्या भरपूर पेशींच्या अवयवांतून आली आणि मग कानाला लावून पाहिली गेली. उपचारांत मात्र अलीकडे कान पुढे आहे. केसपेशीत पिशव्या भिंतीला जुळवायला ओटोफर्लिन हे प्रथिन लागतं. ते नसेल तर पेशी शाबूत असूनही बाळ जन्मतः बहिरं असतं. ओटोफर्लिनचा संकेत सुमारे ६,००० अक्षरांचा, आणि तो पोचवणाऱ्या निरुपद्रवी विषाणूत ४,७०० च्या आसपासच मावतात. म्हणून तो दोन तुकड्यांत, दोन विषाणूंतून पाठवतात आणि पेशीच्या आत जोडला जातो. २०२४ च्या जानेवारीत शांघायच्या डॉक्टरांनी सहा मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच जणांना ऐकू येऊ लागलं होतं.

बीटा पेशींच्या बाजूने २०२० मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वुल्फ्रॅमिनच्या बिघाडाच्या एका रुग्णाच्या पेशी घेऊन मूळ पेशी बनवल्या, त्यांतलं जनुक दुरुस्त केलं आणि त्यांपासून बीटा पेशी तयार केल्या. मधुमेही उंदरांत त्या सोडल्यावर सहा महिने साखर ताब्यात राहिली.

तंतुकणिकांच्या त्या एका अक्षरावर अजून असा इलाज नाही, पण निदानानेच बरंच बदलतं. या बदलाचं प्रमाण रक्तातल्या पेशींमध्ये वयाबरोबर घटत जातं, त्यामुळे मोठ्या माणसाच्या रक्तात तो निसटू शकतो. लघवीतल्या पेशी तपासल्या की तो अधिक खात्रीने सापडतो. तो सापडला तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध शक्यतो टाळतात, कारण हे औषध तंतुकणिकांच्या कामावरच ताण आणतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. (चालू औषध कुणी स्वतःहून बंद करू नये, हा निर्णय डॉक्टरांचाच.) हृदय आणि डोळ्यांचीही तपासणी होते. आणि ज्यांचं ऐकणं जवळजवळ संपलंय त्यांना कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे श्रवणाच्या मज्जातंतूला थेट विद्युत इशारे देणारं शंखात बसवलेलं उपकरण, सहसा चांगलं लागू पडतं, कारण या आजारात बिघाड शंखात असतो आणि मेंदूकडे जाणारा मज्जातंतू बहुतेक वेळा काम करण्याच्या अवस्थेत उरलेला असतो.